वजीर हलला कसा?

त्याने एंटर दाबलं आणि डाव पुन्हा तिथेच अडकला. पडद्यावर लाल ओळ आली : 'ही चाल नियमात बसत नाही. डाव बाद.'

"तुझ्या बापाचं काय जातं रे?" त्याने कॉम्प्युटरलाच विचारलं.

रिकामे डबे न्यायला आलेली मेव्हणी दारातच थबकली.

"भाऊजी, आता कुणाशी भांडताय?"

"फुकट्याशी."

फुकट्या म्हणजे कोड. टाइप करून ठेवलेले बुद्धिबळाचे डाव वाचणारा हा कोड कुण्या भल्या माणसाने नेटवर मोकळा सोडला होता. घ्या, वापरा, हवा तसा बदला. आयत्या बिळावर नागोबा व्हायची त्याला कधीच लाज वाटली नव्हती. ऑफिसात निम्मं काम तो असंच उरकायचा आणि उरलेल्या वेळात साहेबांच्या माउसखाली चिकटपट्टी लावायचा. बायको गेल्यापासून मात्र घरी येऊन हे सांगायचं कुणाला? म्हणून त्याने ठरवलं, दोघांचे सगळे डाव यंत्राला वाचायला द्यायचे. ते शिकेल, तिच्यासारखं खेळेल. ती नाही तर नाही, निदान तिच्या चाली तरी समोर बसतील.

डाव तयारच होते. दोघं लाकडी पटावर खेळायची आणि तो प्रत्येक चाल लगेच टाइप करायचा. स्वतः जिंकत असला की जास्तच हौसेने.

"आणि हा दीडशहाणा नेमके मी जिंकलेलेच डाव बाद करतोय!"

"पट काढा. मांडून बघू," मेव्हणी डबे बाजूला ठेवत म्हणाली.

ती चाली वाचत गेली, तो सोंगट्या हलवत गेला. लाल ओळीपाशी त्याचा हात थांबला. टाइप केलं होतं, त्याच्या वजिराने तिचा हत्ती मारला. पण पटावर वजिराला हत्तीपर्यंत वाटच नव्हती. एक चाल आधी त्याने तो सरळ तिच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला होता. तिने तो मारायचा सोडून कोपऱ्यातलं प्यादं सरकवलं होतं.

"वजीर शेजारच्या घरात असता तर जमलं असतं," तो पुटपुटला.

"मधे उठून कोण जायचं?"

"मीच. चाल खेळायची, टाइप करायची आणि चहा टाकायला जायचं."

मेव्हणी फस्सकन हसली.

"लहानपणी माझ्याशीही हेच. मी रडू नये म्हणून माझीच सोंगटी गुपचूप हलवायची. पक्की लबाड होती ताई."

तो हसला नाही. त्याने वजीर उचलून शेजारच्या घरात ठेवला, मग परत होता तिथे ठेवला. जगाला टोप्या घालणाऱ्याला घरातच टोपी घातली गेली होती, तीही चहा उकळेपर्यंत.

"मग टाका ना काढून हे डाव," मेव्हणी पदराने डोळे पुसत म्हणाली. हसून आलेलं पाणी अजून थांबत नव्हतं.

"खुळी की काय? हेच तर हवेत."

ती गेल्यावर त्याने कोड बदलला. चाल जुळत नसेल तर सोंगटी आधीपासून शेजारच्या घरातच होती असं धर आणि पुढे चल. फुकट्याने सगळे डाव निमूट वाचले. एकही लाल ओळ नाही. मग रात्रभर यंत्र त्यांवरून तिचा खेळ शिकत राहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो दाढी करून यंत्रासमोर खेळायला बसला. सुरुवात हुबेहूब तिची. तीच प्यादी, घोडा बाहेर काढायची तीच घाई. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. त्याने मुद्दाम वजीर उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

उंटाने वजीर मारला. लगेच.

फोन वाजला. मेव्हणी होती.

"काय भाऊजी, खेळतेय का ताई?"

तिने वजीर गुपचूप सरकवला असता त्या शेजारच्या रिकाम्या घराकडे तो पडद्यावर बघत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "दुसरंच कुणीतरी आहे."