जीजीला द्यायचा होकार

"जीजी, महासती झाल्यावर तुझ्यामागे कुत्रं लागलं, तर तू पळशील का गं?"

विचारलं मी, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, सोनम आणि मोहिनीचा. टेकडीच्या पायथ्याशी बुटांच्या नाड्या बांधता बांधता दोघींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "तू नहीं ईचारत. घाबरी जाशी," मोहिनी म्हणाली होती. मागच्या वर्षीची मी असते तर खरंच घाबरले असते. तेव्हा वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. यंदा मात्र मी गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं, शाळेच्या शर्यतीत पहिली आले, आणि आमचे भरत सर मला फटाकडी म्हणतात. मग काय, विचारलं. चांगलं मोठ्याने.

चांदनी जीजी कठड्याला धरून पाय ताणत होती. ती हसली आणि खरोखर विचार करायला लागली.

"नाही पळणार. उभी राहीन. आपण उभं राहिलं की कुत्रंही थांबतं."

"अन् नाही थांबलं तर?" सोनमने विचारलं.

"तर चावेल."

दोघी खो खो हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू आलंच नाही. पळणार नाही म्हणजे कधीच नाही, हे जीजीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

जीजी माझी सख्खी मोठी बहीण. तळोद्यात आमचं कापडाचं दुकान आहे. बी.कॉम. झाल्यावर ती ते पप्पांपेक्षा बरं चालवेल असं सगळे म्हणायचे. गेल्या चातुर्मासात ती आमच्या साध्वी उतरतात त्या स्थानकात, प्रवचनाला जायला लागली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. आमच्या जैन घरांत याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो. पांढरे कपडे. गाडीत बसायचं नाही, पळायचं नाही, अनवाणी पायी गावोगाव जायचं, तेही खाली बघत, पायाखाली जीव जाऊ नये म्हणून. घरी परत यायचं नाही. आपण तिला जीजी म्हणायचं नाही, हात जोडून महासतीजी म्हणायचं.

मोठ्या महासतीजींनी एकच अट घातली होती. घरातल्या प्रत्येकाने मनापासून हो म्हणायचं. एकजण जरी नाही म्हणाला तरी दीक्षा नाही. मम्मीने डोळे पुसत हो म्हटलं. पप्पांनी भरल्या स्थानकात, सगळ्या समाजासमोर उभं राहून म्हटलं. आणि मी म्हटलं, नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझं 'नाही' तसंच. जीजीने एका शब्दाने मला गळ घातली नाही. गंमत म्हणजे मला कोणी रागावलंही नाही. पप्पा सूर्यास्ताआधी जेवायला घरी आले की पाटावर बसता बसता विचारायचे, "काय रूपल, काय ठरलं तुझं?" मी म्हणायचे, "नाही म्हणजे नाही." ते म्हणायचे, "बरं, बरं." मग मम्मी माझ्या खिचडीवर जरा जास्तच तूप सोडायची.

टेकडीच्या पायऱ्यांवर पळायला मला जीजीनेच आणलं होतं. ती बरोबर आहे म्हणून तर पप्पा पाठवायचे. दर रविवारी सकाळी भरत सरांचा ग्रुप देवीच्या टेकडीवर जमतो. कोणी पोलीस भरतीची तयारी करतं, कोणी शाळेतलं, एक पोस्टातले काकाही आहेत. खालपासून देवळापर्यंत पळत चढायचं, चालत उतरायचं, पुन्हा चढायचं. आणि आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. जो सगळ्यात आधी वर पोचेल, त्याने खाली येऊन शेवटच्याला सोबत घेऊन जायचं. म्हणजे जो जोरात पळेल त्याला पायऱ्याही जास्त. पहिली नेहमी जीजी यायची, आणि सुरुवातीला शेवटची मी. ती टणाटण उतरून यायची, माझ्या पाठीला हात लावायची आणि म्हणायची, "चल गं म्हशी."

त्या दिवशी, कुत्र्याचं बोलणं झाल्यावर, जीजीने बूट काढून कठड्याखाली ठेवले. भरत सरांनी बघितलं आणि शिट्टी तोंडात धरली.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. मग मांड्या दगडाच्या झाल्या, घशात लोखंडाची चव आली. मोहिनी कठड्यावर पालथी पडून म्हणाली, "पाय गयात मन्हा. आते घर कशी जासू मी?"

"माझी आजी पाणी आणायला याच्यापेक्षा जास्त चढते," सोनम तिला ओलांडत म्हणाली. सोनम सातपुड्यातल्या पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहते. "तेही बडबड न करता."

मी दोघींच्या पुढे निघाले. पोस्टातले काका मागे पडले, भरतीवाली पोरं मागे पडली. पायऱ्या संपल्या तेव्हा देवळाच्या ओट्यावर माझ्याआधी कोणीच नव्हतं. मी पहिली. खाली केळीच्या बागांवर अजून धुकं होतं, पलीकडे डोंगराकडे जाणारी जीप टपावर माणसं घेऊन वळत होती. मला नाचावंसं वाटत होतं.

"फटाकडी," सर खालून ओरडले, "शेवटच्याला घेऊन ये."

मी वाकून बघितलं. शेवटची जीजी होती.

ती अर्ध्या वाटेवर उभी होती. कोणीतरी प्रसादाचं खोबरं सांडलं होतं आणि मुंग्यांची रांग पायरीभर पसरली होती. पाय कुठे ठेवायचा ते ती शोधत होती. मी उतरून तिच्या पाठीला हात लावला. "चल ना."

"थांब. मुंग्या आहेत."

"जीजी, सगळे वर पोचले. एक फेरी पळ माझ्याबरोबर. एकच."

"आजचं पच्चक्खाण घेतलंय. उद्या सूर्य उगवेपर्यंत पळायचं नाही."

म्हणजे तिने आधीच छोटे छोटे नियम घ्यायला सुरुवात केली होती, माझ्या होकाराची वाट बघत. मला राग आला. "तुला पळायला आवडतच नाही का आता?"

तिने मान वर केली. डोळे भरलेले होते. "नावडत्या गोष्टी सोडायला दीक्षा कशाला लागते, रूपल?"

"मग का?"

"पळताना एका क्षणी तुझं आतलं सगळं शांत होतं ना? मला स्थानकात बसलं की होतं. आणि मग ते दिवसभर राहतं."

"मग मी नाही म्हणते ते ऐकून बसतेस कशाला? जा की."

"तुला रडत ठेवून गेले तर तुझं रडणं माझ्याबरोबर येईल. मग मी गेले काय अन् न गेले काय." ती थोडी थांबली. "फक्त, दुकानात मन लागत नाही, आणि स्थानकात पाहुण्यासारखी बसते. मी कुठलीच राहिले नाही गं." एवढं बोलून तिने ओठ चावला. तिला ते बोलायचं नव्हतं, हे मला दिसलं.

मी तिच्या शेजारून चालत वर गेले. एक पायरी, थांबायचं, बघायचं, मग दुसरी. ग्रुपमधल्या सगळ्यांनी शेवटच्यासाठी वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या.

उरलेल्या फेऱ्या मी एकटीच पुढे होते. कोणी मला गाठत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. रडत पळून बघा कधी, श्वास मिळतच नाही. मधल्या वळणावर भरत सर उभे होते. "रडायचं तर वर जाऊन रड, बेटा," ते हळूच म्हणाले. "पायरीवर श्वास सांभाळ." मी वर गेले आणि घंटेच्या खांबाला टेकून रडले. घामाने निथळत होते, त्यामुळे कोणाला कळलं नसेल. सोनमला कळलं. ती शेजारी येऊन बसली.

घरी आल्यावर जीजी आंघोळ करून सामायिकाला, ध्यानाला बसायला, स्थानकात गेली. पप्पा आणि मम्मी पोहे खात होते. मी बूट हातात घेऊन दारातच उभी राहिले.

"आलीस? काय रूपल, काय ठरलं तुझं?" पप्पांनी ताटलीतून मान वर न करता विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले, "बरं, बरं."

मम्मीने माझ्यासाठी पोह्यांवर शेव घातली, नेहमीपेक्षा जास्त. मी त्या शेवेकडे बघत राहिले. इतके महिने या दोघांनी आपलं 'नाही' माझ्या तोंडात ठेवलं होतं. समाजासमोर म्हणता आलं नाही ते. माझा आवाज आता मोठा झाला होता ना.

"पप्पा, मी अजून काही बोललेच नाही," मी म्हणाले.

मम्मीचा हात शेवेच्या डब्यात तसाच राहिला. पप्पांनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, गप्प बसावं, आणखी एक दिवस. पण मग जीजी आणखी एक दिवस कुठलीच राहिली नसती.

"जीजी स्थानकातून आली की मी तिला हो म्हणणार आहे," मी म्हणाले. "मनापासून. आणि पुढच्या रविवारी पायऱ्यांवर मी एकटी जाणार आहे."