बेडकीच्या टायरांतली हवा

बाबा गेल्यावर त्यांच्या दुकानातल्या सगळ्या वस्तूंना हळूहळू हात लागला. खुंटीवरचा त्यांचा डगला धुऊन मुलाने वापरायला काढला. चष्मा आईने कपाटात ठेवला. बसायची उंच तिवई लेकीने स्वतःकडे ओढून घेतली. हात लागला नाही तो फक्त बेडकीच्या टायरांना.

बेडकी म्हणजे त्यांची एटीव्ही. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आणि दगडाधोंड्यांतून उड्या मारत जायची खोड, म्हणून बेडकी. भंगारातून आणलेली ही गाडी बाबांनी पंक्चरच्या दुकानात मागच्या भिंतीशी बसून उभी केली होती. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीभोवती शर्यत व्हायची आणि तिथे ती मुलगा पळवायचा. लेकीहून धाकटा, म्हणून त्याला घरात बारक्या म्हणत. दारातून आत यायला त्याला वाकावं लागायचं, पण नाव बारक्याच राहिलं.

गेल्या शर्यतीत शेवटची फेरी चालू असताना, समोर शेवटची पताका दिसत असताना, बेडकीचं मागचं डावं चाक बसलं. बारक्याने गाडी ढकलत आणली तोवर पताका गुंडाळून झाली होती. काटा गेला असणार, असं बाबा म्हणाले. दुकानात आल्यावर त्यांनी भोकात बाहेरूनच रबराची वात खोचली, चारही टायरांत हवा भरली, व्हॉल्व्हची झाकणं घट्ट केली आणि सवडीने टायर उघडून आतून बघतो, म्हणाले. ती सवड मिळाली नाही. आजारपण लांबत गेलं आणि एके दिवशी संपलं.

हवा किती भरायची, याची बाबांची एक रीत होती. बेडकीला हवा फार थोडी लागते. एवढ्या थोड्या हवेत दुकानातल्या यंत्राचा काटा नुसता थरथरतो, सांगत काहीच नाही. म्हणून बाबा पाय सैल सोडून बसायचे, अंगठ्याने आधी स्वतःची पोटरी दाबायचे आणि मग टायर. दोन्ही सारखे दबले की काम झालं. टायर फार टणक असला तर दगड त्याला चिरतो आणि फार मऊ असला तर तो दगड आणि रिम यांच्यामध्ये चेपला जाऊन फुटतो. लेक हे शाळेत असतानाच शिकली होती. दवाखान्यात बाबांचे पाय चेपताना तिच्या अंगठ्याला रोज कळायचं, की ही पोटरी आता कुठल्याच टायरशी जुळायची नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी सोडून ती दुकानात बसू लागली. सकाळी शटर वर केलं की पहिली ती बेडकीपाशी जायची आणि चारही टायर अंगठ्याने दाबून बघायची. चारही जिथल्या तिथे. टायर बदलायला आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला ती सहज सांगायची, ही आमच्या बाबांनी भरलेली हवा, अजून हललेली नाही. त्याच गिऱ्हाइकाला ती पुढच्या वाक्यात बजावायची, की उभ्या गाडीची हवा उतरतेच, अधूनमधून भरत जा. या दोन वाक्यांची गाठ तिने कधी पडू दिली नव्हती.

शर्यत जवळ आली तसा बारक्या टायरांमागे लागला. शर्यतीत उतरणाऱ्या चौकातल्या शोरूमवाल्यासारखे जाड, नवे टायर घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, म्हणजे आहेत तेच आतून मजबूत करायला हवे होते. ते कसं करायचं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. ट्रकच्या टाकाऊ ट्यूबचं अस्तर आतून लावायचं, शिवाय भोक बुजवणारं चिकट द्रावण ओतायचं. पण त्यासाठी हवा सोडावी लागणार होती.

लेक हो म्हणायची आणि दुसरंच काही काढून बसायची. तिने रिमच्या कडा घासून गंज काढला, साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का पाहिलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या बसवल्या, म्हणजे दगडाने व्हॉल्व्ह मुडपायला नको. बारक्याला घेऊन ती खाणीभोवतीची सगळी वाट पायी फिरून आली, आणि कुठल्या वळणावर धारदार खडी आहे, कुठे काटेरी झुडपं तोडून तिथेच टाकली आहेत, हे त्याच्याकडून घोकून घेतलं. तारांचे तुकडे, खिळे, फुटक्या काचा दोघांनी वेचून पिशवीत भरल्या. येताना बारक्या म्हणाला, की वाट एवढी स्वच्छ केल्यावर आता शर्यत न घेता इथे बाग करावी. ती हसली. टायरांचं मात्र बोलली नाही.

शेवटी एका दुपारी त्याने लोखंडी टामी उचलली, टायर रिमवरून उचकटायची ती पट्टी, आणि तिच्या समोर धरली.

"ताई, तुला टायर उघडायचेच नाहीयेत."

ती पंक्चरचं ठिगळ घासत होती. घासतच राहिली.

"ती हवा बाबांची आहे," ती म्हणाली.

बारक्या चेष्टा करेल असं तिला वाटलं होतं, आणि चेष्टा केली असती तर भांडता आलं असतं. पण त्याने चेष्टा केली नाही. टामी जागेवर ठेवली, खिशातून बेडकीची चावी काढून बाकावर ठेवली आणि सांगितलं, की मग या वर्षी तो शर्यतीत उतरत नाही. नुसती वात खोचलेल्या टायरावर उतारावरून यायची त्याची छाती नाही. भर वेगात चाक बसलं तर तो कुठे जाऊन पडेल, हे तिने शेवटच्या वळणावर स्वतः उभं राहून पाहिलं होतं. तो रागावलेला नव्हता. त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की तिला बाबांच्या डगल्यात बाबाच बोलल्यासारखे वाटले.

दुकानाच्या मागे घर होतं आणि मधल्या दारात आई उभी होती. आई लोकांचे कोट शिवून द्यायची. तिच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्या. तिने टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"कुणाची हवा?" तिने विचारलं.

आई बेडकीपाशी आली.

"मागच्या डाव्या चाकात तर तुझे बाबा आता औषधालासुद्धा सापडायचे नाहीत. रोज उतरतं ते. तू शटर उघडायच्या आत मी येते आणि पंप मारून जाते."

लेकीला आधी राग आला. मग आपण किती गिऱ्हाइकांना काय काय सांगितलं ते आठवून कानशिलं तापली. किती भरायची हे तुला कशावरून कळायचं, एवढंच तिला विचारता आलं.

"माझ्या पोटरीवरून. आणखी कुणाची आणू?"

"तरीच," बारक्या म्हणाला. "मध्ये मी बसून बघितलं तर गाडी जरा गुबगुबीत लागत होती."

आईने त्याला गप्प बसवलं. मग तिवई ओढून बसली आणि सांगू लागली. बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत एका पहाटे तिने बेडकी एका अंगाला झुकलेली पाहिली. हे पोरीने बघितलं तर ती शटर ओढून बसेल, असं तिला वाटलं, म्हणून भरली. दुसऱ्या दिवशी परत तेच. नाहीतरी पहाटे झोप लागत नव्हती. उठून करायला काहीतरी काम झालं.

"बाकीच्या तीन चाकांत?" लेकीने विचारलं.

"त्यांत असतील थोडे. अधूनमधून त्यांतही मारलाय मी पंप." आई बेडकीकडे बघत होती. "निम्मी हवा माझी आहे, आणि माझ्या वाटची सोडायला माझी काही हरकत नाही."

लेक उठली. तिने मागच्या डाव्या चाकाशी बसून झाकण फिरवलं आणि व्हॉल्व्हची पिन सैल केली. हवा तिच्या मनगटावर आली. वास रबराचा होता, कुठल्याही टायराला येतो तसाच. फरशीवरचा रबराचा भुसा थोडा पुढे सरकला. आवाज बारीक होत होत थांबला, आणि बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाकी काही झालं नाही. तिने पुढच्या चाकाचं झाकण फिरवायला घेतलं.

बारक्याने टामी घालून डावा टायर उचकटला तेव्हा आतलं अस्तर दिसलं. बाबांनी गेल्या वर्षी तेही कुणाला न सांगता घातलं होतं, ट्रकची ट्यूब कापून. लेकीने हात आत घालून बोटं फिरवली. चुकलेलं अक्षर शोधण्यात तिची इतकी वर्षं गेली होती, तशीच ती आता काट्याचं टोक शोधत होती. काटा नव्हताच. होता तो एक चर. अस्तराची कड सरळ, जाड कापलेली होती. गाडी धावताना तीच कड टायरावर घासत राहिली होती आणि घासून घासून तिने आतून भोक पाडलं होतं. वात नेमकी त्याच भोकात होती.

बारक्याने डोकं आत खुपसून बघितलं.

"म्हणजे बाबांनीच पंक्चर केलं होतं."

आई हसली. तोंडावर पदर धरूनही हसू थांबेना, आणि तिच्यामागून दोघं. अस्तराची कड अशी सरळ सोडतात का, ती म्हणत होती, कोटाला असं अस्तर लावलं तर महिन्याभरात गिऱ्हाईक कोट तोंडावर आणून टाकेल. एकदा मला विचारलं असतं तर. पण विचारणार कोण, सगळं यांनाच येत होतं. हे म्हणताना तिचा आवाज जरा बदलला आणि तिने कात्री मागितली.

पुढचे काही दिवस दुकानात आईचं राज्य होतं. तिने कागदाचा नमुना कापून घेतला आणि त्यावरून ट्यूबा कापल्या. कडा तिने बारक्याकडून सहाणेवर तिरक्या घासून घेतल्या, इतक्या, की बोट फिरवलं तर अस्तर कुठे संपलं आणि टायर कुठे सुरू झाला ते कळू नये. चिरलेल्या जागी लेकीने आतून रुंद ठिगळ लावलं. अस्तर आणि टायर एकमेकांवर घासू नयेत म्हणून आईने अंगाला लावायची पावडर शिंपडली. दुकानभर तिचा वास सुटला आणि एका ट्रकवाल्याने आत येऊन विचारलं, की इथे कुणाला नटवताय. शेवटी पांढरा डिंक, इंजिनात घालायचं थंडाव्याचं पाणी आणि चाळलेला रबराचा भुसा घोटून केलेलं बाबांचं द्रावण व्हॉल्व्हमधून ओतलं. त्यात चूक निघाली नाही.

हवा कुणाच्या पोटरीने भरायची यावरून वाद झाला. गाडी मी चालवणार, असं बारक्याचं म्हणणं होतं. आई म्हणाली, की त्याची पोटरी म्हणजे दगड, पहिल्याच खडीवर टायर चिरेल. मग लेक पाय सैल सोडून तिवईवर बसली. तिने आधी स्वतःची पोटरी दाबली, मग टायर, परत पोटरी. बारक्या पंपावर थांबून विचारत होता, अजून? अजून थोडी, ती म्हणाली. मग, बस.

शर्यतीच्या दिवशी खाणीभोवती धूळ इतकी होती, की गाड्या आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. बसलेल्या चाकांच्या गाड्या घेऊन कितीतरी जण कडेला थांबले होते. आई आणि लेक शेवटच्या वळणापाशी उभ्या होत्या, गेल्या वर्षी बारक्या जिथून ढकलत निघाला होता तिथेच. शोरूमवाला कधीच पुढे निघून गेला होता. त्याच्यामागून आणखी काही गेले. लेक गाड्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर चाकांवर होती.

मग बेडकी आली. खडीवर आपटली, उडाली, तिरकी झाली, सावरली. मागचं डावं चाक गोल होतं. ते गोल राहूनच वळण उतरून गेलं आणि पताकेखालून पार झालं. नंबर मधलाच कुठलातरी होता. बारक्याने तो विचारलासुद्धा नाही. गाडी थांबवून तो उतरला आणि तिथेच जमिनीवर पाय पसरून बसला.

लेक टायरापाशी गुडघ्यांवर बसली. रबरात काटे रुतलेले होते, आणि एकाच्या बुडाशी द्रावणाचा ओला, पांढरट ठिपका दिसत होता. बारक्याने काटा उपटायला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. घरी गेल्यावर, ती म्हणाली. मग तिने टायर अंगठ्याने दाबला. हात तसाच पुढे नेऊन तिने भावाची पोटरी दाबली. ती दगड राहिली नव्हती. दमून सैल पडली होती आणि अजून थरथरत होती.

"सारखी आहे," ती म्हणाली.

"उतरेल रात्रीतून थोडी," आई मागून म्हणाली. "आता भोकं काय कमी आहेत तिला?"

"सकाळी मी बघते."

आईने बारक्याच्या डगल्यावरची धूळ झटकली, आणखी एकदा झटकली.

"बघ मग," ती म्हणाली. "मी उद्या जरा उशिरा उठते."