दोघींत एक शेगडी

विसाल जॉर्डनमध्ये, अम्मानमधल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आई वर्षापूर्वी गेली, तेव्हापासून जबल लुवेब्दा या टेकडीवरच्या मोठ्या दगडी घराच्या खालच्या मजल्यावर ती एकटीच होती.

थंडी सुरू झाली तेव्हा तिनं नववीच्या मुलींना कार्बनचा हिशेब काढायला लावला. वीज, गॅस, पेट्रोल, ताटातलं मटण, विमानाचा प्रवास, या सगळ्यातून वर्षभरात आपल्यापायी किती वायू हवेत जातो, तो आकडा. घरात जे जळतं त्याला घरातल्या माणसांनी भागायचं.

"मिस, माझा सगळ्यांत कमी!" मागच्या बाकावरून शुरूक ओरडली. "आम्ही नऊ जण आणि शेगडी एकच. फक्त शेगडीपाशी एका पांघरुणात कुठला पाय कुणाचा ते कळत नाही."

वर्ग खदखदला. "आता तुमचा काढा ना, मिस!"

विसालनं फळ्यावर सगळं मांडलं. जुनी छोटी गाडी, मटण फक्त शुक्रवारी, विमान नाहीच. तरी आकडा वर्गात सगळ्यांत मोठा निघाला.

"मिस, घरात सिमेंटचा कारखाना आहे की काय?"

तीही हसली. मग पुन्हा तपासून पाहिलं. चूक कुठेच नव्हती. मुलींनी नवानं, सातानं, पाचानं भागलं होतं, तिनं एकानं.

त्या दिवसापासून ती आकडा उतरवायच्या मागेच लागली. दिवाणखाना बंद केला, आईची खोली बंद केली, दारांच्या फटींत जुनी फडकी कोंबली. गाडी सोडून बसनं जाऊ लागली. शुक्रवारी मटणाऐवजी मसूरभात. एका खोलीत पलंग, टेबल आणि गॅसची शेगडी आणून ती तिथेच राहू लागली. आकडा उतरला, पण एका ठिकाणी येऊन अडला. खोली तापवायला चौघांना जेवढी आग लागते, तेवढीच एकटीलाही लागते.

वरच्या मजल्यावर आराक्सी राहायची. आर्मेनियन म्हातारी, फोटोग्राफरची विधवा. संध्याकाळी तिची शेगडी फरशीवरून ओढल्याचा आवाज खाली यायचा. एकीच्या डोक्यावर दुसरी, दोघींच्या दोन आगी. पण आई गेली तेव्हा आराक्सी समाचाराला आली नव्हती, आणि त्यानंतर दोघींत जिन्यातल्या सलामापलीकडे बोलणं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी विसाल वर गेली.

"सित्त आराक्सी," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली, "थंडीपुरत्या संध्याकाळी माझ्याकडे बसत जा. एकाच शेगडीत दोघींचं भागेल."

"का? गॅस परवडेना झाला?"

"तसं नाही." विसालनं आकड्याचं सगळं सांगितलं. फार उत्साहानं सांगितलं.

आराक्सी दारातच उभी राहून ऐकत होती. "म्हणजे मी भागाकारासाठी हवी तुला? एखादी बकरी बांध की. तीही ऊब देते." आणि दार लावून घेतलं.

विसाल जिन्यात तशीच उभी राहिली. मग बंद दारालाच म्हणाली, "आकड्याचं राहू द्या. शाळेतून आले की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. परवा घसा खाकरला, तर माझाच आवाज मला परका वाटला."

ती चार पायऱ्या उतरली असेल, तेव्हा दार उघडलं.

"तुझी आई गेली ना, तेव्हा मी अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते," आराक्सी म्हणाली. "आत इतकी माणसं होती. वाटलं, माझी काय गरज? परत फिरले. थांब, शाल घेते."

ती हिवाळाभर येत राहिली. बोलणं फार नसायचं. विसाल वह्या तपासायची, आराक्सी शेगडीवर संत्र्याच्या साली ठेवून त्यांचा वास घेत बसायची. मध्येच म्हणायची, "एवढ्या लाल रेघा ओढतेस, पोरींचे शाप लागतील." कधी शेगडी बारीक करण्यावरून दोघींची जुंपायची.

मार्चमध्ये फ्रान्समधल्या मार्सेयहून आराक्सीच्या मुलीचा फोन आला. आईनं आता कायमचं तिकडे यावं, तिकीट काढलंय. निघायच्या दिवशी विसालनं तिची बॅग खाली आणली. टॅक्सीपाशी आराक्सीनं विचारलं, "माझ्या या विमानाचा धूर किती गं होईल?"

विसालला तो अंदाज तोंडपाठ होता. दोघींनी मिळून हिवाळ्यात वाचवलेलं त्यापुढे काहीच नव्हतं.

"तो मोजू नका," ती म्हणाली.

आराक्सीनं तिचा गाल थोपटला आणि ती गेली.

त्या वर्षी थंडी रेंगाळली. वरून काहीच ऐकू येईनासं झालं. विसाल शाळेतून यायची, डाळ गरम करायची, पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पायाशी घ्यायची. शेगडी पेटवायचा तिला कंटाळा येऊ लागला.

मग एका रविवारी फोन वाजला. "विसाल, इथे सहा खोल्या रात्रंदिवस तापवतात," आराक्सी तक्रार करत होती. "सगळे कामावर जातात आणि मी एकटी घामानं निथळत बसते. जावयाला सांगितलं तर म्हणतो, इथे असंच असतं. तुझ्यासारखी मास्तरीण हवी याला."

"बोला, सित्त आराक्सी," विसाल म्हणाली. घोंगडी खांद्यावर ओढून ती खुर्चीत नीट बसली. "मी ऐकतेय. सावकाश बोला."