पत्र्याच्या डब्यातला फोन

सिंचना गरोदर होती, दिवस भरत आले होते. नवरा बंगळूरला नोकरीला. ती माहेरी, विजयनगरात. आईबरोबर रिक्षानं दवाखान्यात जाता आलं असतं, पण वडील, अप्पा, सोबत हवेत, हा तिचा हट्ट. आणि अप्पांचा फोन रोज दुपारी दोनच्या आत बंद पडत होता.

अप्पांचं, म्हणजे नरहरींचं, त्याच शहरात चामराजपुरममध्ये शिवणाचं दुकान. सकाळी नऊला ते शंभर टक्के चार्ज केलेला फोन घेऊन निघत.

"दिवसभर कुणाशी गप्पा मारता?" सिंचनाच्या आईनं, सोयराबाईंनी विचारलं.

"अय्यो, एक फोन येत नाही मला!"

"बंद फोनवर येईल कसा?"

नरहरींनी नवी बॅटरी बसवून घेतली. तीही दोनलाच संपली.

गुरुवारी सिंचना स्वतः दुकानात गेली. "फोन कुठाय, अप्पा?"

नरहरींनी मशीनखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. घट्ट झाकण उघडलं. आत मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला फोन.

"तू दिलेला. सुताचा कण लागू दिला नाही."

सिंचना पोट धरून हसत स्टुलावर बसली.

"दुखतंय काय गं?"

"नाही हो. अप्पा, पत्र्यातून सिग्नल येत नाही. मग हा दिवसभर जोर लावून टॉवर शोधत बसतो. त्यातच बॅटरी संपते."

"म्हणजे न बोलताच दमतो?"

"आणि चालू असता तरी माझा कॉल लागला नसता."

नरहरींचा चेहरा उतरला. त्यांनी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली, तिला बंद लावला, फोन आत घातला आणि रस्त्याकडच्या चौकटीवर खिळ्याला अडकवली.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला बॅटरी सत्तर टक्के होती. शनिवारी बहात्तर. दोन्ही दिवस सोयराबाई तासातासाला फोन करत होत्या.

"लागतोय काय बघतेय."

"लागतोय. ठेव."

सोमवारी साडेतीनला पिशवी वाजली. नरहरी बाही जोडत होते. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"आता काय बघतेस?"

"अप्पा, मी. या आता."

रिक्षा घेऊन वीस मिनिटांत ते घरी पोचले. हातात पिशवी, गळ्यात मापाची टेप तशीच. सोयराबाई पुढे रिक्षावाल्याशेजारी बसायला निघाल्या, त्यांना मागे बसवून ते स्वतः दोघींच्या मधे अंग चोरून बसले. सिंचनानं त्यांच्या टेपचं टोक मुठीत धरलं, ते दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही.