मी वर्लिनला का सोडले नाही

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे आणि कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नव्हे. मचाणावर बसून धनुष्याने शिकार करणारे लोक जो पट्टा खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती घालतात, तो मी. माझ्या पाठीतून एक जाड दोरी निघते आणि झाडाला बांधली जाते. माणूस मचाणावरून घसरला, तर मी त्याला हवेत धरतो. हे काम मी आयुष्यात एकदाच केले आणि ज्याच्यासाठी केले त्याचा मी मनापासून द्वेष करतो. स्वतःची गोष्ट सांगताना असे बोलू नये म्हणतात. पण मी एक वर्ष एका खोटारड्याच्या ट्रकमध्ये काढले आहे. खोट्याचा मला कंटाळा आला आहे.

दूरच्या एका कारखान्यात एका बाईने मला शिवले. प्रत्येक जोडावर तिने उलटसुलट चार वेळा टाके घातले आणि दर वेळी ओढून पाहिले. तिचे नाव मला माहीत नाही. तिथून मी विस्कॉन्सिनच्या टेकड्यांतल्या एका दुकानात आलो आणि खुंटीवर टांगला गेलो. मार्लिस स्टूवे मला तिथे भेटली.

ती दुकानात आली ती अंगात जाड थंडीचे जाकीट घालून, ऐन उन्हाळ्यात. दुकानदार हसला. म्हणाला, "मार्लिसबाई, बायकांसाठी गुलाबी किनारीचा आलाय बघा."

"हरणाला किनार दाखवायचीय, का मला जिवंत घरी यायचंय?"

तिने जाकिटावरून मला चढवले. गुडघा छातीपर्यंत उचलून पाहिला, खाली बसली, दोन्ही हातांनी धनुष्य ओढल्यासारखे केले. माझ्यावर लिहिलेले वजन वाचले, बनल्याची तारीख वाचली. तिचा नवरा आर्डन मागे अवघडून उभा होता.

"झालं का गं? अर्धा तास झाला."

"थांब जरा. तुला निवडताना घाई केली, ती पुरे झाली."

घरी गेल्यावर तिने मला कोठाराच्या तुळईला बांधले आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर स्वतःला लटकावून घेतले. आर्डन म्हणाला, "अगदी धुरात टांगलेल्या मांसासारखी दिसतेस." ती लटकल्या लटकल्या हसली. पण तिचा हेतू वेगळा होता. पट्ट्यात नुसता लोंबकळलेला माणूस फार वेळ वाचत नाही. मांड्यांत रक्त अडते, पाय बधिर होतात आणि काही मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणून खिशात दोरीचा एक फास ठेवावा लागतो. त्यात पाऊल अडकवून उभे राहिले की रक्त मोकळे होते. तो फास काढून त्यात उभे राहायला तिला पहिल्या दिवशी बराच वेळ लागला. आठवड्याने ती डोळे मिटून करू लागली.

दर ऑगस्टमध्ये ती गावाच्या सभागृहात नव्या शिकाऱ्यांना शिकवायची. मला अंगात घालूनच उभी राहायची. "पाय जमिनीवरून उचलायच्या आधी पट्ट्याची कडी झाडाच्या दोरीला लावा," ती सांगायची. "वर पोचल्यावर नाही. माणसं पडतात ती चढता-उतरता पडतात. आणि झाड निवडाल तर जिवंत निवडा. वाळलेल्या ॲशच्या झाडावर मचाण बांधणाऱ्याला मी शेवटच्या बाकावर बसवेन."

चार हंगाम मी तिच्या पाठीवर होतो. चारही हंगामांत ती एकदाही पडली नाही. असे काम मिळणे हे पट्ट्याचे भाग्य असते.

आता वर्लिन. वर्लिन हा मार्लिसचा मोठा भाऊ. त्याचे शेत स्टूव्यांच्या सफरचंदाच्या बागेला लागून आहे. दोघांच्या बांधावर एक ओक वृक्ष होता आणि त्यावर दोघांचे मिळून एक मचाण होते. ओक मार्लिसने निवडला होता. मचाण झाडाला आवळणारे बंद ही वर्लिनची जबाबदारी होती. हे काम काही अवघड नाही, मित्रांनो. हंगाम संपला की बंद सोडायचे, कारण झाड वाढत असते आणि बंद वाढत नाही. ऑगस्टमध्ये नवे बांधायचे. वर्लिनने तीन वर्षे ते सोडलेच नाहीत. उन्हाने ते पांढरे पडले, खारींनी कुरतडले, सालीत रुतून बसले.

"बंद बदललेस का रे?" मार्लिसने त्या ऑगस्टमध्ये विचारले होते.

"नवेकोरे घातलेत. किती वेळा विचारशील? शाळामास्तरीण कुठली!"

नवे बंद त्याने आणले होते, हे खरे. ते त्याच्या ट्रकच्या सीटमागे न फोडलेल्या पाकिटात होते. हे मला कसे ठाऊक, ते ऐका.

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी तो मार्लिसकडे मला मागायला आला. त्याचा पट्टा उंदरांनी खाल्ला होता. एरवी तो मार्लिसला चिडवायचा, "झोळीत बसून हरणं मारतेस की झोके घेतेस गं?" आता त्यालाच झोळी हवी होती.

"रविवारी आणून दे," मार्लिस म्हणाली. "न विसरता."

"चर्चला येताना आणतो."

रविवारी त्याने आणला नाही. मंगळवारी तिने फोन केला. "घेऊन निघालोच," तो म्हणाला आणि टीव्ही बघत बसला. मी ट्रकमध्ये सीटमागे पडलो होतो, त्या पाकिटाच्या शेजारी.

गुरुवारी पहिल्यांदा दव गोठले. वारा बरोबर दिशेने होता. तिने महिनाभर ज्याची वाट पाहिली तो हरणांचा नर बांधावर येणार, हे तिला कळले. आणि मार्लिस माझ्याशिवाय गेली. एकदाच. मी तिलाही माफ केलेले नाही. पण तिच्यावरचा माझा राग वेगळा आहे. तो राग आपल्या माणसावरचा आहे.

शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना दोन्ही बंद तुटले.

पहिला वर्लिन पोहोचला. त्याने रुग्णवाहिका बोलावली, हे मी नाकारत नाही. ती गाडी मार्लिसला घेऊन गेली आणि मग तो धावत ट्रककडे आला. त्याने पाकीट फोडले. नवे बंद घेऊन गेला आणि तुटलेले घेऊन परत आला. त्या हातांची घाई मी पाहिली. शेरीफचा पोलीस आला तेव्हा मचाण सरळ उभे होते. त्याने लिहून घेतले, 'बंद नवे. पट्टा घातलेला नव्हता.' तुटलेले बंद संध्याकाळी कचरा जाळायच्या पिंपात जळाले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना वर्लिन सगळ्यांना सांगत होता. मी खिडकीबाहेर उभ्या ट्रकमध्ये होतो आणि काच उघडी होती.

"विसरली हो पट्टा! दुसऱ्यांना शिकवायची आणि स्वतःच विसरली. मी शंभरदा बजावलं होतं तिला."

 त्या हिवाळ्यात आर्डनने सारे घर उलथेपालथे केले, हे मला पुढे कळले. कोठार, माळा, पलंगाखाली, तिच्या कोटांच्या मागे. तो मला शोधत होता. पट्टा कुठे टांगलेला राहिला एवढे कळले, तर ती का विसरली तेही कळेल, असे त्याला वाटत होते. शेजारच्या बाईला तो म्हणाला, "त्या सकाळी मी झोपलो होतो. उठलो असतो तर आठवण केली असती." एवढ्या एका वाक्यावर तो माणूस वर्षभर जगला. आणि मी बांधापलीकडे होतो, मला तोंड नव्हते. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याचा राग उतू जात नाही. तो आटत जातो आणि दाट होतो.

वर्लिनने मला परत केले नाही. केले असते तर प्रश्न आला असता. शिवाय आता त्याला उंचीची भीती वाटू लागली होती. माझ्याशिवाय तो शिडीला हात लावत नसे. मेलेल्या बहिणीचा पट्टा अंगात घालून, तिच्याच ओकवर, तिच्याच जागी तो बसू लागला.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तो उठून उभा राहताना घसरला. माझी दोरी त्याने लांब सोडली होती. बसून डुलकी घ्यायला बरी पडते म्हणून. ती ताठ हवी, हे मार्लिस दर वर्षी सांगायची. तो मचाणाच्या पार खाली आला आणि मग मी ताणलो.

खरे सांगतो, माझ्या मनात आले, टाके सोडावेत. चारपैकी चारही. कुणी मला दोष दिला नसता. पण मेलेला माणूस खरे बोलत नाही. मी त्याला धरले. जितके घट्ट धरता येईल तितके.

शिडी त्याच्या पाठीमागे राहिली, फोन वर पिशवीत राहिला. पायाचा फास त्याने कधी घेतलाच नव्हता. तो ओरडू लागला. बागेत सफरचंदे काढत असलेला आर्डन शिडी खांद्यावर घेऊन धावत आला.

"आर्डन! देव पावला रे! मार्लिसच्या पट्ट्याने वाचवलं मला!"

आर्डन थांबला. शिडी त्याच्या खांद्यावरच राहिली.

"कुणाच्या?"

वर्लिनने शिडीकडे हात लांबवला.

"कुणाच्या पट्ट्याने, वर्लिन?"

"आधी शिडी लाव रे. पाय गेले माझे."

"वर्षभर घर शोधलं मी. तिच्या कोटांचे खिसे शोधले. तुझ्याकडे कसा हा?"

"मागून नेला होता. त्या शुक्रवारी. द्यायचा राहून गेला. मुद्दाम नाही, आईशपथ!"

आर्डनने शिडी खाली घेतली आणि झाडापासून हातभर अंतरावर उभी धरली. "आणि बंद?"

"बंद नवे होते. शेरीफने लिहिलंय."

मी त्याच्या मांड्यांत आणखी रुतलो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.  आर्डनलाही ठाऊक होते की फार वेळ उरलेला नाही.

"वर्लिन, मी विचारतोय."

"ट्रकमध्ये होते!" तो किंचाळला. "पाकीट फोडलं नव्हतं! नंतर बांधले मी, ती गेल्यावर. लाव ना रे शिडी, पाया पडतो तुझ्या!"

आर्डनने शिडी लावली. त्याला पाऊल टेकवून दिले, खाली उतरवले, पाय चोळून दिले.  मग मला त्याच्या अंगातून काढले.

"शेरीफला सांग हवं तर," वर्लिन जमिनीवर बसून रडत म्हणाला.

"त्याला तूच सांगणार आहेस, उद्या सकाळी," आर्डन म्हणाला. "पण तेवढ्यावर सुटायचं नाही. तिला विसराळू म्हणालास ना सगळ्यांसमोर? आता सगळ्यांसमोरच बोल."

ज्या पट्ट्याने एकदा माणूस झेलला, तो पुन्हा वापरायचा नसतो. आतले धागे ताणलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. आर्डनने माझ्या मांडीच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे मोह नको, आणि मला सभागृहाच्या भिंतीवर ठोकले. म्हणून तुम्ही मला इथे पाहता.

मित्रांनो, बंद दर वर्षी बदला. कडी जमिनीवरच लावा. उसनी आणलेली वस्तू ज्या दिवशी द्यायची त्याच दिवशी द्या. आणि मेलेल्या माणसाच्या माथी आपली चूक मारू नका. हे ऐकून तुम्ही माझी कीव करावी, अशी माझी इच्छा नाही. तुम्ही मरू नये, एवढीच आहे.

दर ऑगस्टमध्ये वर्लिन माझ्याखाली उभा राहून तुमच्यासारख्यांना सगळे सांगतो. शुक्रवार, रविवार, मंगळवार, पाकीट, पिंप. आर्डन मागच्या बाकावर बसतो. वर्लिनने काही गाळले तर तो म्हणतो, "पुन्हा." यंदा सातवे वर्ष होते. लोक गेल्यावर वर्लिन टोपी हातात घेऊन त्याच्याजवळ गेला.

"आर्डन, आता तरी पुरे का रे?"

आर्डनने खुर्च्या गोळा करायला सुरुवात केली होती. त्याने मान वर केली नाही.

"मला काय विचारतोस? तिला विचार."