खळ न धुतलेला समुद्र

मी एक जुना कॅनव्हास आहे. खरं सांगायचं तर मी कॅनव्हासही नाही. भिवंडीच्या लूमवर विणलेलं साडेतीन हात कापड आहे. पण चौकटीत बसल्यापासून मला जरा मोठेपणा चढला, तो तेवढा चालवून घ्या. आणि मित्रांनो, माझ्या बोलण्यात थोडी भर असते. ती कुठे घातली आहे ते तुम्ही ओळखा.

माझा जन्म भिवंडीजवळच्या टेमघरच्या एका कारखान्यात झाला. तिथे लूमचा खडखडाट एवढा होता, की शेजारच्या कोंबड्यांनी आरवणं सोडून पंखांनी खुणा करायला सुरुवात केली होती. विणताना माझा एक धागा तुटला आणि अंगावर बारीक रेघ राहिली. मला 'खराब' म्हणून बाजूला फेकलं. त्या कारखान्यात कौसल्या नावाची बाई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. तिने मला मागून घेतलं आणि घरी आपल्या लेकीला, कलावतीला दिलं.

"धुवू नको हां," कौसल्या म्हणाली. "खळ गेली का कापड मेलं."

खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. लूमवर धागे तुटू नयेत म्हणून ती त्यांना पाजतात. (मी पोटभर प्यालो होतो. तरी एक धागा तुटलाच.) खळीमुळे कापड कडक आणि जाड दिसतं. लूमवर जन्म काढलेल्या बाईला कडक कापड म्हणजे चांगलं कापड. तिचं ऐकून कलावतीने मला तसंच चौकटीवर ठोकलं.

कलावतीचे वडील लहानू पेंटर. दुकानांचे बोर्ड रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दोन वर्षांपासून तोच हात थरथरू लागला होता. तेव्हापासून बोर्ड कलावती रंगवायची, लहानू स्टुलावर बसून "वेलांटी सावकाश" म्हणायचे, आणि कोपऱ्यात सही पडायची 'लहानू पेंटर, टेमघर'. खारबावपर्यंत तिची अक्षरं पोहोचली होती, पण तिचं नाव शेजारच्या गल्लीतही कोणाला ठाऊक नव्हतं.

१९८८ सालच्या पावसाळ्यात भिवंडीतल्या पेंटर लोकांनी मिळून चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. खाडीजवळच्या एका शाळेचा हॉल मिळाला. विषय होता समुद्र. भिवंडीला समुद्र कुठे, असं कोणी विचारलं की आमचे पेंटर खाडीकडे बोट दाखवायचे. "मग ही काय हाय? विहीर?"

पेंटरांच्या मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथ पेंटर यांच्याकडे कलावती गेली. मी तिच्या काखेत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काका, चित्राखाली माझं नाव लावा."

"मंडळात नाव लहानूचं हाय," केसरीनाथ म्हणाले. "बोर्डावर बापाचं नाव चालतं ना तुला?"

"बोर्ड त्यांचे हायत. समुद्र माझा हाय."

"तू समुद्र बघितलास कधी?"

तिने मला दुसऱ्या काखेत घेतलं आणि ती निघाली. समुद्र तर मीही बघितला नव्हता.

मग तीन दुपारी ती खाडीच्या काठावर भरती येताना बघत उभी राहिली. चौथ्या दिवशी पुडीचे रंग पाण्यात कालवून तिने माझ्यावर समुद्र काढला. माझी ती खराब रेघ तिने आडवी धरली आणि तिथे आभाळ टेकवलं. कोपरा मात्र कोराच ठेवला. मला वाटलं, काहीतरी विसरली.

प्रदर्शनात आठ समुद्र होते. बाकीचे सात पत्र्यावर आणि प्लायवूडवर, कारण बोर्डवाल्यांचा हात तिथेच बसलेला. कापडावर मी एकटा. माझ्याखाली चिठ्ठी होती, 'लहानू पेंटर, टेमघर'. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर खाडी. आता माझा स्वभाव पडला चौकस. भरतीचं पाणी कुठवर आलं ते बघावं म्हणून मी जरा पुढे वाकलो. मग आणखी जरा वाकलो.

शहाणी माणसं म्हणतात, दमट हवेने माझ्यातली खळ ओलावली आणि कापड सैल पडलं. म्हणू देत. दुपारपर्यंत माझ्या पोटावर चांगल्या चार लाटा आल्या होत्या.

"अरे, लहानूच्या समुद्राला भरती आली रे!" एक पेंटर ओरडला. सगळा हॉल हसला. कलावती खाली बघत उभी राहिली. तिचं चित्र आता उतरवणार, हे तिला दिसत होतं.

"कापड धुतलं नव्हतंस?" केसरीनाथांनी विचारलं.

ती काहीही सांगू शकली असती. म्हणाली, "न्हाय काका. चूक माझी हाय. बाबांनी हात पण लावला न्हाय."

"मग लहानूची इज्जत कशाला घालवतेस? चाळीस वर्षांचं नाव हाय त्याचं!" केसरीनाथांनी चिठ्ठी टरकन फाडली. "चूक तुझी, तर नाव पण तुझंच टाक. आत्ताच्या आत्ता!"

स्टुलावर बसलेल्या लहानूंनी पिशवीतून ऑइलपेंटचा लाल डबा काढला. बोर्डाचा ब्रशही काढला. प्रदर्शन बघायला येताना ते दोन्ही घेऊन का आले होते, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. ते नुसते हसायचे.

कलावतीने कोऱ्या कोपऱ्यात चार बोटं उंच अक्षरांत लिहिलं, 'कलावती पेंटर'.

"वेलांटी सावकाश," लहानू म्हणाले.

"बाबा, ह्यात वेलांटी एकच हाय."

"म्हणूनच सांगतो."

संध्याकाळी खाडीवर मासे धरणारी पुतळाबाई आली. आठही समुद्र बघून ती माझ्यापुढे थांबली. "ह्यो एकच हालतो," म्हणाली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "हितं काय लिवलंय?" कोणीतरी वाचून दाखवलं. त्या दिवसापासून टेमघरच्या बोर्डांवर सही बदलली.

पुढे दहा वर्षांत माझे हाल झाले. मी माळ्यावर पडलो, एका पावसाळ्यात गळक्या कौलांखाली पसरलो. पुडीचे रंग पाण्याने गेले. आज माझ्यावर समुद्र शोधाल तर निळसर डाग सापडतील. तरी मित्रांनो, मला पुसायला ओलं फडकं घेऊ नका; तेवढे डाग राहू द्या. आणि कुठलंही चित्र बघाल तेव्हा आधी खाली वाकून कोपरा वाचा. माझा कोपरा लांबूनही वाचता येतो. ते अक्षर ऑइलपेंटचं आहे.