यंदाची धाकटी

शेगुलाबाईंनी पिठाचा डबा पेपरवर उलटा करून तीनदा आपटला. बोटाला ओलं फडकं गुंडाळून आतले कोपरे पुसले. मग पीठ, टोस्ट, खारी, बिस्किटांचा अर्धा पुडा असं सगळं दोन पिशव्यांत कोंबलं आणि समोरच्या गोदाच्या दारात नेऊन ठेवलं. पेसाह हा ज्यूंचा सण आला, की आठ दिवस खमिराचा कण घरात ठेवायचा नाही. नवव्या दिवशी पिशव्या परत.

गोदा दारातच पिशवीत डोकावली.

"आले का माझे पाहुणे? यंदा खारी कमी दिसते."

"मागच्या वर्षी निम्मी तूच संपवलीस."

"मी नाय गं, आमच्या दिपेशनं." मग गोदाचा आवाज जरा उतरला. "यंदा नातू नाही तुझा. ते प्रश्न कोण विचारणार?"

"टेबलावर जो सगळ्यात धाकटा, तो. म्हणजे मीच. सत्तर वर्षांची धाकटी."

"आणि काय विचारणार?"

"ते संध्याकाळी."

आत खुर्चीत पेपर धरून बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचे, शालोम मापगावकरांचे कान टवकारले.

रीतच तशी होती. सणाच्या संध्याकाळी जेवणाआधी धाकट्यानं विचारायचं, आजची रात्र वेगळी का? मग मोठ्यानं गोष्ट सांगायची, आपली माणसं मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून कशी सुटली त्याची. विचारल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं या घरात विचारायला कुणी ना कुणी पोर असायचं. आधी यांचा मुलगा डॅनियल, मग डॅनियलचा मुलगा. गेल्या गणपतीनंतर ते सगळे इस्रायलला, अश्दोदला गेले.

तिकडून डॅनियल दर फोनला म्हणायचा, पप्पा, घर विका आणि या इकडे. म्हातारा दरवेळी सांगायचा, "मी तयार आहे रे, तुझी आई नको म्हणते." खरं तर ठाण्यातली ही कोपरी सोडायची नव्हती ती यालाच. आईला कुणी विचारलंच नव्हतं. आणि काल हा आंघोळीला गेलेला तेव्हा फोन वाजलेला. टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर शेगुलाबाई फोन ठेवून पुन्हा खजूर निवडत होत्या.

आता त्या खजुराचा शेरा, सणाचा दाट पाक, गॅसवर रटरटत होता. म्हातारा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला.

"काल काय म्हणत होता डॅनी?"

"थंडी गेली म्हणाला तिकडची."

"एवढंच?"

"अजून काय म्हणायला हवं होतं?"

तो बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत आला.

"सणाच्या पुस्तकातलंच विचारणार ना? बाजूला मराठीत लिहिलेलं आहे."

"माहितेय मला कुठे लिहिलंय ते."

"मग सांग की."

"प्रश्न माझा आहे. तुम्ही उत्तराची तयारी करा."

वागळे इस्टेटला पस्तीस वर्षं लेथ चालवली, बोटाला कधी ओरखडा नाही. त्या दुपारी मात्र म्हाताऱ्यानं सणाच्या ताटासाठी बकऱ्याची नळी भाजताना अंगठा पोळून घेतला.

संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर पुनवेचा चांद आला. टेबलावर बिनखमिराच्या पोळ्या, कडू पाला, शेरा, भाजलेली नळी, मनुकांचं सरबत. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा पेला वेगळा भरून ठेवलेला. ताटं दोनच. म्हाताऱ्यानं आशीर्वाद म्हटले, घसा साफ केला.

"विचार."

शेगुलाबाईंनी चष्मा लावला, पुस्तक ओढलं आणि सरळ वाचलं.

"आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?"

चारही प्रश्न ओळीनं वाचून त्यांनी पुस्तक परत सरकवलं. म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. गोष्ट सुरू झाली. विटा, फिरऔन राजा, दहा पीडा. आवाज चढत गेला. माणसं समुद्रापाशी येऊन पोचली, की शेगुलाबाई दरवर्षी भात बघायला उठायच्या. यंदाही त्यांची खुर्ची मागे सरकली. पण त्या उठल्या नाहीत.

"एक विचारू? पुस्तकाबाहेरचं."

म्हाताऱ्यानं पुस्तकावर हात ठेवला.

"ही माणसं एका रात्रीत निघाली. पीठ फुगायलाही थांबली नाहीत. तेव्हा घरातल्या बायकांना कुणी विचारलेलं का, निघायचं का म्हणून?"

खिडकीखालून एक रिक्षा गेली. पुस्तक सगळं पाठ होतं, तरी म्हाताऱ्यानं दोन पानं उलटून बघितली.

"नाही," तो म्हणाला. "तसं कुठे लिहिलेलं नाही."

"वाटलंच मला."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, शेऱ्यात बुडवला आणि त्याच्या ताटात ठेवला. म्हाताऱ्यानं तो उचलला आणि परत ठेवला.

"मलाच जायचं नव्हतं. मी तुझं नाव पुढे केलं."

"कळलं काल, डॅनीच्या फोनवर."

"तुला..." पोळलेला अंगठा त्यानं टेबलाच्या कडेवर घासला. "तुला जायचंय का?"

शेगुलाबाईंनी दाराकडे पाहिलं. सेफ्टी डोअरच्या जाळीतून समोर गोदाच्या कपाटावर त्यांच्या दोन पिशव्या दिसत होत्या.

"पिशव्या परत आणायच्या दिवशी सांगते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा विचारलंत. आठ दिवस तरी लागतील."

"आणि आणल्याच नाहीस तर?"

"हा प्रश्न झाला. प्रश्न धाकट्यानं विचारायचे."

आतून भाताचा वास आला. त्या टेबलाला हात टेकून उठायला लागल्या.

"तू बस," म्हातारा म्हणाला. फडकं शोधायला त्याला वेळ लागला, झाकण एकदा हातातून निसटलंही. त्यानं गॅस बंद केला, परत येऊन बसला आणि पुस्तक जवळ घेतलं.

"कुठून वाचू?"

"समुद्रापासून," शेगुलाबाई म्हणाल्या. "तिथनं पुढचं मी कधी ऐकलंच नाही."